वारुळाकडे निघालेली पावलं

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी लाल मुंग्यांची रांग फाटकातून थेट उंबऱ्याशी येऊन भिडली. आत पाळण्यात बाळ झोपलं होतं. ऊर्मिलाने त्याला उचलून कडेवर घेतलं आणि अंगणात पाहिलं. सासूबाईंनी सकाळी काढलेली लक्ष्मीची पावलं मुंग्यांनी लालभडक झाली होती.

"आई, ही कुठल्या रांगोळीने काढलीत?"

"निळ्या डब्यातल्या. सणाला चांगली नको?" मंदाकिनीबाई म्हणाल्या.

निळ्या डब्यात वासाची रांगोळी होती. किडामुंगी विषाला दाद देईनाशी झाल्यापासून गावातलं प्रत्येक घर याच रांगोळीने राखलं जाई. ती काढताना हात जिकडे सरके, तिकडे मुंग्या निमूट चालत.

"पुसते आणि उलटी काढते."

"आजच्या दिवशी लक्ष्मीला दाराबाहेर काढतेस? या घरात ते व्हायचं नाही."

ऊर्मिलाने बाळाला सासूकडे देऊन पावलं धुऊन काढली, साध्या रांगोळीने पुन्हा आत येणारी काढली आणि निळा डबा घेऊन तुळशीपाशी बसली. तिथून कुंपणापलीकडच्या वारुळापर्यंत तिने दुसरी पावलं उमटवत नेली.

"ही आपल्या घरातून निघाली नाहीत, आई. मुंग्यांच्या घरी चालली आहेत."

बिथरलेल्या मुंग्या तुळशीपाशी जमल्या, वळल्या आणि अख्खी रांग वारुळात शिरली. उंबरा स्वच्छ झाला.

मंदाकिनीबाई बाळाला घेऊन कुंपणापर्यंत गेल्या आणि वारुळाच्या तोंडाशी त्यांनी मूठभर लाह्या-बत्तासे ठेवले.

"लक्ष्मी कुणाकडे रिकाम्या हाताने जाते का गं?"