आता कोणतं गाव आलं?

श्रीकृष्णाने दारातच थांबून कडुनिंबाचा पाला चावला, बादलीतलं पाणी पायांवर घेतलं आणि मगच उंबरठा ओलांडला. मसणातून आलेला माणूस करतो तसं. तो काही मसणातून आला नव्हता, अँब्युलन्सची ड्युटी संपवून आला होता. पण त्या साली कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. फवारणीचं औषध सरळ तोंडावर उडत होतं, आणि त्याची गाडी रोज वावरातून विष चढलेली माणसं उचलत होती.

यवतमाळच्या दवाखान्याकडे गाडी हाकताना तो पाठीमागच्या छोट्या खिडकीतून ओरडत राही. "झोपू नको भाऊ. मोहदा गेलं. आता जोडमोहा आलं." पेशंटने शुद्धीवर राहावं एवढ्यासाठी. मागून उत्तर कधीच येत नसे.

मसणातून निघाल्यावर मागे वळून पाहू नये, हे त्याला लहानपणी शिकवलं होतं. हाच नियम त्याने दवाखान्याला लावला. स्ट्रेचर आत गेलं की पाठ फिरवायची, पुढे काय झालं ते विचारायचं नाही. सुरुवातीला बरं वाटलं. मग व्हायचं तेच झालं. ज्याचं पुढचं कळलं नाही, तो प्रत्येक माणूस त्याच्या लेखी मेला. एकेकाचं सुतक तो मनातल्या मनात धरून बसला आणि त्याला घास गिळेना. त्याची बायको कोकिळा रोज बादली भरून ठेवी आणि रोज भरलेलं ताट उचलून ठेवी.

"सोडतो हे काम," आज तो म्हणाला. "पांढरकवड्याले ट्रकवर जातो. सरकी वाहीन. सरकी कण्हत तर नाई."

"जा ना, मी कायले अडवू?" कोकिळा म्हणाली. "फक्त उद्या येक काम करा. माह्या माहेरचे नानाजी वार्डात हायेत. त्याईले डबा देऊन या."

"तू काहून नाई जात?"

"मले वार्ड सापडत नाई."

भरल्या बाजारात हरवलेली शेळी हुडकून आणणाऱ्या बाईला वार्ड सापडत नव्हता. पण श्रीकृष्णाला वाद घालायचंही त्राण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो वार्डाच्या दाराशी बराच वेळ घुटमळला. शेवटी डबा निवायला लागला, म्हणून आत गेला. खाटांवर माणसं डोळे मिटून पडली होती. फवारणीच्या औषधाने कित्येकांची नजर अधू झाली होती.

"नानाजी कोण हाये इथं?" त्याने विचारलं.

मग खिडकीजवळच्या खाटेवरून, मिटल्या डोळ्यांनीच, एकाने विचारलं, "भाऊ, आता कोणतं गाव आलं?"

श्रीकृष्ण त्या खाटेजवळ गेला. हा त्यानेच गाडीतून आणलेला देवीलाल होता. जोडमोह्याशी याचं कण्हणं थांबलं होतं, आणि त्या दिवशी श्रीकृष्णाने पाल्याची दुप्पट मूठ चावली होती.

"यवतमाळ," तो कसाबसा म्हणाला. "यवतमाळ आलं, भाऊ."

"मले म्हणत होते, झोपू नको," पलीकडच्या खाटेवरचा हसून म्हणाला. "झोपू तर द्या लागत होतं."

त्याने आणलेल्यांपैकी दोघे मात्र वार्डात नव्हते. श्रीकृष्णाने पहिल्यांदाच त्यांचंही विचारलं, ते गेल्याचं ऐकलं, आणि देवीलालच्या खाटेवर बसून पोटभर रडून घेतलं. देवीलालने त्याचा हात सोडला नाही. नंतर डबा दोघांनी मिळून खाल्ला.

संध्याकाळी तो पाय धुऊन थेट पाटावर येऊन बसला. पाला बादलीपाशी तसाच राहिला.

"ट्रकचं काय ठरलं?" कोकिळेने विचारलं.

"राहू दे ट्रक. उद्या मोठा डबा दे." त्याने भाकरीचा तुकडा मोडला. "पण तुहे नानाजी काई भेटले नाईत. सारा वार्ड पालथा घातला, खाट न् खाट विचारली."

कोकिळेने त्याच्या ताटात दुसरी भाकर वाढली.

"भेटतीन कसे?" ती म्हणाली. "माह्या माहेरात नानाजी नावाचं कोणीच नाई."