शपथेचा फोटो

“किल्ली ठेवा टेबलावर, काका,” सुरक्षासाहेब म्हणाला. ड्रायव्हरांनी भरलेल्या अख्ख्या हॉलसमोर, माईक तोंडाशी धरून म्हणाला. बाजूला घेऊन सांगितलं असतं तर त्याचा साहेबपणा उतू कसा गेला असता?

काकांनी खिशातून व्हॅनची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. एकवीस वर्षं ते या कंपनीची औषधांची व्हॅन चालवत होते. गाडीला ओरखडा नाही, माणसाला धक्का नाही. उद्यापासून त्यांनी गोदामात बसून खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या होत्या. गाडी चालवण्याखेरीज या माणसाला दुसरं काही धड येत नाही, असं त्यांची बायकोसुद्धा सांगायची. आणि तेच आज काढून घेतलं होतं.

गुन्हा काय? तर फोटो.

सुरक्षासाहेब कुठल्याशा हॉटेलात तीन दिवसांचा कोर्स करून आला होता. येताना मोठी फाईल आणि छोटी अक्कल घेऊन आला. आल्या आल्या त्याने सुरक्षित वाहन मोहीम काढली. प्रत्येक ड्रायव्हरला एकेक कार्ड दिलं. त्यावर शपथ छापलेली: ‘मी गाडी चालवताना मोबाईल वापरणार नाही.’ रोज सकाळी आठ ते आठ-पाचच्या दरम्यान ड्रायव्हरने आपल्या सीटवर बसून, एका हातात ते कार्ड धरून, मोबाईलवर स्वतःचा फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा. हसणं सक्तीचं. आठ वाजून सहा मिनिटं झाली की नाव लाल. या कर्तबगारीबद्दल त्याला बढतीही मिळाली होती.

काकांचं नाव वर्षभर लाल होतं.

“एक फोटो काढायला काय धाड भरते हो तुम्हाला?”

“आठला मी उड्डाणपुलावर असतो, साहेब. सव्वाआठला हॉस्पिटलात औषधं पोचवायची असतात. पुलावर थांबायला बंदी आहे.”

“बाकीचे पंचेचाळीस जण काढतात! त्यांना नाही तो पूल आडवा येत?”

हॉल खदखदून हसला. हे तेच पंचेचाळीस. यातले निम्मे काकांच्या शेजारी बसून गाडी शिकलेले. एकालाही हसताना लाज वाटली नाही.

पहिल्या रांगेत कंपनीचे मालक बसले होते. त्यांना सगळे मोठे साहेब म्हणत. उत्तम ड्रायव्हरचं बक्षीस द्यायला आले होते आणि दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते. गेल्या वर्षी मोहिमेच्या कागदावर सही त्यांनीच केली होती. वाचली नव्हती, केली होती.

“हे झालं कसं नसावं ते,” सुरक्षासाहेब म्हणाला. “आता कसं असावं ते बघा. हा आज सकाळचाच फोटो!”

भिंतीवरच्या पडद्यावर हिरो झळकला. मोठ्या साहेबांच्या घरची गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरला सगळे हिरोच म्हणायचे. गॉगल, दात, हनुवटीखाली शपथेचं कार्ड. वर्षभरात एक दिवस लाल नाही. त्याच्या मागच्या सीटवर मोठ्या साहेबांची सात वर्षांची नात दिसत होती. शाळेच्या कपड्यांत, उघड्या खिडकीशी, खुशीत.

“अरे, ही तर आमची चिमणी!” मोठे साहेब म्हणाले.

लगेच टाळ्या. मालकाच्या नातीसाठी टाळ्या वाजवायला कुणाचं काय जातंय! हिरो ट्रॉफी घ्यायला ऐटीत पुढे आला.

काका अजून टेबलाशीच उभे होते. त्यांना बसा म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं. ते पडद्याकडे बघत होते.

“एक विचारू का, साहेब?”

“विचारा बाबा. आता काय राहिलंय!”

“याच्या एका हातात कार्ड आहे. दुसऱ्या हातात मोबाईल असणार. मग स्टिअरिंग कुणी धरलंय?”

टाळ्या थांबल्या. सुरक्षासाहेबाने वर्षभरात असे सोळा हजार फोटो तपासले होते. प्रत्येकावर हिरवी खूण केली होती. हा प्रश्न त्याला एकदाही पडला नव्हता.

“अहो, गाडी उभी असणार!” तो खेकसला. “उभी होती ना रे?”

“उभीच होती की,” हिरो म्हणाला. “शाळेच्या गेटापाशी.”

मागच्या रांगांतले सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. मघाशी हसणारी तोंडं हीच का, असं वाटावं.

मोठे साहेब उठले. पडद्याजवळ गेले. नातीच्या चेहऱ्यापाशी बोट नेलं.

“गाडी उभी होती?”

“हो, साहेब.”

“मग हिचे केस का उडतायत?”

हिरोने गॉगल काढला. सुरक्षासाहेबाने घाईघाईने पडद्यावरचा फोटो बंद केला. जणू फोटो गेला की वाराही गेला! मोठ्या साहेबांच्या कपाळावर घाम आला होता. इतर गाड्या वर्षभर अशाच धावत होत्या, त्यांच्यापायी घाम कधी आला नव्हता. या एका गाडीपायी आला.

ते कुणावर ओरडले नाहीत. त्यांनी टेबलावरची किल्ली उचलली आणि काकांच्या हातात ठेवली.

“काका, चिमणीची शाळा साडेबाराला सुटते. आज तिला तुमच्या व्हॅनमधूनच घेऊन या. आणि निघालात की मला एक फोन—”

“आणतो,” काका म्हणाले. “पण फोन करणार नाही, साहेब. तुम्हीही करू नका. मी उचलत नाही.”