दादांची निवृत्ती

तबकडी फेकून साखळ्यांच्या टोपलीत टाकायचा डिस्क गोल्फ आमच्या कोल्हापुरात आणला तो रंगराव इंगवले दादांनी. बरीच वर्षं स्पर्धा भरवून यंदा त्यांनी फेटा बांधून घेतला, सगळा कारभार आपल्या चेल्याच्या, मुजम्मिलच्या हाती दिला आणि माइकवरून जाहीर केलं, "आता पोरांनी करायचं. मी मधी बोलणार न्हाय."

दुसऱ्याच दिवशी सकाळी दादा मैदानात हजर. ही टोपली इथं नको, तिकडं रोवा. हा पंच नको, त्यो घ्या. रोज हेच. मुजम्मिल "व्हय दादा" म्हणायचा आणि टोपली हलवायचा.

स्पर्धेच्या आठवड्यात चौकात भलामोठा फ्लेक्स लागला. हार घातलेला दादांचा फोटो आणि खाली 'कै. रंगराव इंगवले स्मृती चषक'. दादांनी तिथूनच फोन लावला, "मुजम्मिल, अरं, जित्ता हाय मी!"



"चषक म्हटलं की फ्लेक्सवाला कै. लावतोयच वो दादा. आता गावभर लागलंय, उद्घाटनाला दोन मिनिटं स्तब्धता बी ठेवलीया. तुम्ही तेवढं मैदानाकडं येऊ नका, बरं दिसत न्हाय."