शाल नको

"मॅडम, पुरुषांच्या सामन्याएवढी फी यंदा नाही जमणार. त्याऐवजी सत्कार करू," म्हणत सचिवांनी मैदानातच शाल उलगडली.

"काल पुरुषांच्या सामन्यातल्या रेफरीचा केलात सत्कार?"

"त्यांना पैसे दिले ना पूर्ण."

तिने, आजच्या रेफरीने, शिट्टी खिशात घातली. महिला लीगची फायनल खोळंबली, प्रेक्षक ओरडू लागले. पुढच्या वर्षी आपल्याला कोणी बोलावणार नाही, हे तिला माहीत होतं.

तेवढ्यात कोल्हापूरची कॅप्टन तरातरा आली. साखळी सामन्यात तिला या रेफरीनेच लाल कार्ड दाखवलं होतं.

"नियम सगळ्यांना सारखे, असं यांनी मला ऐकवलंय," म्हणत ती चेंडूवरच बसली. "आता तुम्हीही ऐका, सचिवसाहेब."

दोन्ही संघ खाली बसले. सचिवांना माइकवरून पुरुषांएवढी फी जाहीर करावी लागली.

मग शिट्टी वाजली, आणि पहिलं पिवळं कार्ड कॅप्टनलाच मिळालं, चेंडू अडवून बसल्याबद्दल.