मंडी मोहल्ल्यातली क्षमा

कॅमेरा आत न्यायचा की दारातच ठेवायचा, हे विश्वजीतला ठरेना. चपला काढून तो मंडी मोहल्ल्यातल्या त्या घराच्या पायरीवर नुसताच उभा राहिला.

"बन्नी, बन्नी, आत या!" दत्तोजीबुवा स्वतः उठून दारापर्यंत आले. "उन्हात काय उभे? वनजा, कॉफी ठेव गं स्वल्प. कोण आलंय बघ आपल्याकडं!"

विश्वजीत गोंधळला. बंगळुरूहून तो शिव्या खायच्या तयारीनं निघाला होता.

कारण तसंच होतं. कन्नड वाहिनीवरच्या शनिवारच्या खेळाचा तो अकरा वर्षं सूत्रधार. महिन्यापूर्वी सत्तरीतले हे कीर्तनकार नातीबरोबर त्या खेळात आले होते. गाण्यासाठी एक मिनिट होतं. बुवांनी डोळे मिटून अभंगाचं पहिलं चरण घेतलं आणि विश्वजीतनं मध्येच घंटा वाजवली. "आजोबा, देव झोपला बघा. आता तुम्हीपण घरी जाऊन झोपा!"

प्रेक्षक खो खो हसले. बुवा शांतपणे म्हणाले, "झोपू दे की. जागा झाला तर आधी विचारील, घंटा कुणी वाजवली."

त्यावर हशा दुप्पट झाला आणि टाळ्या थांबेनात. तेवढा तुकडा मोबाइलवरून राज्यभर फिरला. लोकांनी बुवांना डोक्यावर घेतलं आणि विश्वजीतला पायाखाली.

"सर, म्हैसूरला जा," निर्माता श्रीनिधी म्हणाला होता. "कॅमेऱ्यासमोर पाया पडा, माफी मागा. कार्यक्रमाचं मग बघू."

ते 'मग बघू' विश्वजीत वाटभर मनात घोळवत आला होता. कार्यक्रम गेला तर उरतो काय आपण? हसवण्याखेरीज दुसरं काही येतच नव्हतं त्याला.

बरोबर आलेल्या कॅमेरामन कार्तिकेयनं कोपऱ्यात कॅमेरा लावला. वनजाकाकींनी कॉफी आणली. बुवा मात्र सतरंजीवर एकसारखे चुळबुळत होते.

"एक विचारू? रागावणार नाही न्हवं?"

"विचारा ना, बुवा."

"तिथं कॅमेरे चार-चार असतात. आपण बघायचं कुठल्यात?"

"ज्याच्यावर लाल दिवा लागेल, त्यात."

"अस्सं! आणि कानात ते काय घालता?"

"आतून सूचना येतात. पुढं काय बोलायचं, किती वेळ उरलाय..."

"अय्यो! देवळात आमच्या कानात फक्त डास येतात."

"आठ दिवस हेच चाललंय यांचं," वनजाकाकी हसल्या. "रोज दाढी काय, आरशापुढं हातवारे काय. या वयात टीव्हीचं वेड लागलंय!"

"तू गप बस की जरा," बुवा लाजून म्हणाले.

सगळे हसले. विश्वजीतला मात्र कसनुसं झालं. ज्याचं आपण चारचौघांत हसं केलं, तो माणूस आपण अवघडू नये म्हणून इकडचं तिकडचं बोलतोय. त्याला त्याचे आजोबा आठवले. घोडदळातल्या घराण्याचा ताठा त्यांच्या मानेत पुरेपूर होता. पण टी. नरसीपूरच्या देवळात कुठलाही बुवा कीर्तनाला उभा राहिला की हा ताठ म्हातारा आधी वाकायचा. बुवा वयानं नातवाएवढा असला तरी वाकायचा. "तिथं माणूस नसतो रे, नारद उभा असतो," म्हणायचा. आणि त्या आजोबांच्या नातवानं नारदावर घंटा वाजवली होती.

"कार्तिकेय, कॅमेरा बंद कर. गाडीत जाऊन बस."

"सर, पण श्रीनिधी सरांनी..."

"काय सांगायचं ते मी सांगीन त्यांना. जा तू."

पोटावर पाय आणणारी गोष्ट होती ती. तरी कार्तिकेय बाहेर पडल्यावर विश्वजीतला महिन्यात पहिल्यांदाच मोकळा श्वास आला. तो उठला आणि बुवांच्या पायांशी वाकला.

बुवा दचकून मागं सरकले. "नको, नको! हे उलटंच होतंय की."

"बुवा, चुकलो मी. चार माणसं हसावीत म्हणून देवाच्या नावावर घंटा वाजवली. कार्यक्रम राहो न राहो, तुम्ही मनातून क्षमा करा. बाकी काही नको मला."

बुवांचे डोळे भरून आले. त्यांनी विश्वजीतचे दोन्ही हात धरून त्याला जवळ बसवलं.

"त्याच दिवशी केली हो. उलट माझ्याच घशाखाली घास उतरत नव्हता. आम्हा कीर्तनकारांत रीत आहे, विश्वजीतराव. ज्या देवळात एक बुवा वर्षानुवर्षं उभा राहतो, तिथं दुसऱ्यानं त्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. त्या श्रीनिधींना मी साफ सांगितलं, आधी त्यांना माझ्याकडं येऊ दे, त्यांच्या तोंडून हो ऐकू दे, मगच कार्यक्रमाच्या कागदावर सही करीन. वाटलं होतं, कशाला येतील एवढे मोठे? आणि तुम्ही आलात! वर 'कार्यक्रम राहो न राहो' म्हणालात. एवढं मोठं मन कुठून आणलंत हो?"

त्यांनी वनजाकाकींच्या हातून कागद घेतले, कपाळाला लावले आणि सही केली.

"आता तेवढं सांगा, पहिल्या दिवशी मी उभं कुठं राहायचं?"