तायशेटेकाकांची मिशी

"शिरगुप्प्यांची कल्याणी उद्या पुण्यात पहिल्याच फेरीत हरणार! जिंकली, तर ह्याच चौकात मिशी उतरवतो!" चहाच्या टपरीवर तायशेटेकाकांनी तेल पाजून वाढवलेल्या मिशीला पीळ दिला आणि अख्खी गल्ली खवळली.

"आपल्याच पोरीवर उलटी पैज? लाज वाटू द्या की जरा!" पानपट्टीवाल्या मुल्लाणींनी पैज घेतली.

काकांना तेच पाहिजे होतं. कल्याणी टेनिसवर पोट भरायची. गावोगाव एकटी फिरायची, लॉजवर स्वतःचे कपडे धुवायची आणि हल्ली सारखी हरायची. "पुण्यात हरले, की रॅकेट कायमची माळ्यावर," असं तिनं आईला फोनवर सांगितलं होतं आणि आईनं काकांपुढं डोळे पुसले होते. पण पोरगी काकांच्या अंगणात वाढलेली. गोंजारलं की ढेपाळायची, डिवचलं की पेटायची. म्हणून पैजेचा व्हिडिओ काकांनी स्वतःच तिला धाडला.

लगेच उत्तर आलं, "वस्तऱ्याला धार लावून ठेवा!"

पोरीनं पहिली फेरी जिंकली, मग एकेक करत सगळ्या जिंकल्या आणि रविवारी कप घेऊनच चौकात उतरली. हलगी कडाडली. भर गर्दीत वस्तरा फिरला आणि बोडक्या ओठानं काका नवरदेवासारखे मिरवू लागले.

कल्याणी पाया पडली आणि उठता उठता त्यांच्या कानाशी लागली, "पुढच्या महिन्यात दिल्लीत खेळतेय, काका. भुवया शिल्लक आहेत न्हवं?"