श्वास मोजण्याची वेळ

औषध बाद होणार होतं, आणि संख्याशास्त्रज्ञ शर्वाणीला तो निकाल पटेना. धाप लागलेल्या चारशे मुलांपैकी निम्म्यांना मास्कमधून औषध मिळालं होतं, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, ते चिठ्ठ्यांनी ठरलं. मुळात कुणाची धाप किती होती ते ध्यानात घेऊन तुलना करायची, म्हणून तिने दाखल होतानाचे श्वास गणितात धरले होते. पण औषधवाल्या मुलांचे सुरुवातीचेच श्वास मिनिटाला दहाने कमी होते. चिठ्ठ्या इतका पक्षपात करत नाहीत.

ती वॉर्डात गेली. "सिस्टर, श्वास मास्कच्या आधी मोजता ना?"

"आधी?" डाबरे सिस्टर हसल्या. "रडणाऱ्या पोराचे श्वास मोजून दाखवा मला! मास्क लावतो, पोर शांत झालं की मोजतो."

म्हणजे औषधाचा गुण त्या सुरुवातीच्या आकड्यातच उतरला होता, आणि तिने तो गणितातून पुसून टाकला होता.

"आमच्यावर ढकलू नका हं, मॅडम." सिस्टरांनी भिंतीवरचा कागद दाखवला. ‘दाखल झाल्यापासून अर्ध्या तासात श्वास मोजावेत.’ औषधाआधी, असं कुठेच नव्हतं. खाली शर्वाणीची सही होती.

सुरुवातीचे श्वास वगळून तिने गणित पुन्हा केलं, तेव्हा औषध जिंकलं. ते ऐकून मुख्य डॉक्टर खूश झाले. "श्वासांचा रकाना गुपचूप काढून टाक. औषध जिंकतंय, बोभाटा कशाला?"

तिने अहवालात श्वास धरून आणि वगळून आलेली दोन्ही उत्तरं ठेवली. उत्तरांच्या वर एक ओळ लिहिली: मोजण्याची वेळ मी चुकीची लिहून दिली होती.